कंत्राटाच्या पंखांवरची नोकरी

१८ ऑगस्ट १९९३. दुपारचे पाच वाजण्याच्या सुमारास क्युबातील ग्वांतानामो बे या अमेरिकी नाविक तळावर डीसी-८ जातीचे एक मालवाहू विमान उतरत होते. धावपट्टीच्या अगदी जवळ घ्यावयाचे अवघड वळण वैमानिकाला साधले नाही. विमान एका अंगावर कलंडले आणि धावपट्टीच्या अलीकडेच कोसळून पेटले. विमानातील तिघेही कर्मचारी गंभीर जखमी झाले. सुदैवाने ते वाचले.

हे विमान ‘अमेरिकन इंटरनॅशनल एअरवेज’ या कंत्राटी मालवाहू कंपनीचे होते. रात्रभर उड्डाणे करून कर्मचारी सकाळी अटलांटा येथे पोहोचले तेव्हा त्यांची पाळी संपत आली होती. तेथे ऐनवेळी त्यांच्यावर नवी कामगिरी सोपविण्यात आली : आधी नॉरफोक, तेथून ग्वांतानामो आणि मग रिकामे विमान घेऊन परत अटलांटा. अपघाताच्या क्षणी मुख्य वैमानिक सुमारे साडेतेवीस तास जागा होता, तर तिघांच्या कामाचे अठरा तास उलटले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये आपल्या अहवालात कर्मचाऱ्यांचा थकवा हेच अपघाताचे संभाव्य कारण म्हणून नोंदविले. मोठ्या विमान अपघातात थकव्याला असे मुख्य कारण ठरविण्याची मंडळाची ती पहिलीच वेळ. अशा कंपन्यांना लागू असलेले कामाच्या तासांचे नियम अपुरे आहेत, हेही मंडळाने त्याच अहवालात नमूद केले.

या घटनेला तीन दशके उलटून गेली. त्या काळातील डीसी-८ विमाने मोडीत निघाली आणि ती उडविणारी कंपनीही राहिली नाही. परंतु त्या तिघांना सकाळच्या झोपेऐवजी आणखी एका उड्डाणाकडे नेणारी व्यवस्था कायम आहे. ग्राहकाला आज विमान हवे असते, कंपनीला करार टिकवायचा असतो आणि या दोहोंमधील ताण शेवटी कॉकपिटमधील माणसावर येऊन पडतो. कंत्राटी मालवाहू कंपनीतील वैमानिकाची नोकरी समजून घ्यावयाची तर सुरुवात या करारापासूनच करावी लागते.

‘एसीएमआय’ म्हणजे काय?

फेडएक्स किंवा यूपीएस या कंपन्या ग्राहकाकडून पार्सल घेतात, स्वतःच्या विमानांतून ते नेतात आणि दारापर्यंत पोहोचवितात. कंत्राटी मालवाहू कंपनीचे तसे नसते. तिच्या विमानातील माल तिचा नसतो आणि तो पाठविणारा ग्राहकही तिचा नसतो. ती आपले विमान, वैमानिकांसह, दुसऱ्या कंपनीला भाड्याने देते. या व्यवहाराला ‘वेट लीज’ किंवा ‘एसीएमआय’ करार म्हणतात. विमान, कर्मचारी, देखभाल आणि विमा या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. या चार गोष्टी कंत्राटदाराने पुरवावयाच्या. इंधन, विमानतळाचे शुल्क आणि माल मिळविण्याची जबाबदारी ग्राहकाची. भाडे उड्डाणाच्या तासावर ठरते. बहुतेक करारांत महिन्याला किमान काही तासांच्या भाड्याची हमी असते. काही वेळा विमानही ग्राहकाचेच असते आणि कंत्राटदार केवळ कर्मचारी, देखभाल व विमा पुरवितो. त्याला ‘सीएमआय’ म्हणतात.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅटलास एअरने बोइंग ७४७ विमानांच्या बळावर हा व्यवसाय जगभर रूढ केला. कलिटा एअर, एबीएक्स एअर, एअर ट्रान्सपोर्ट इंटरनॅशनल, नॅशनल एअरलाइन्स आणि वेस्टर्न ग्लोबल ही या क्षेत्रातील आणखी काही अमेरिकी नावे. त्यांचे ग्राहक म्हणजे डीएचएलसारख्या कुरिअर कंपन्या, अ‍ॅमेझॉनसारखे ऑनलाइन व्यापारी, मालवाहतुकीची जादा क्षमता हवी असलेल्या प्रवासी विमान कंपन्या आणि अमेरिकी लष्कर.

ग्राहकाला या व्यवस्थेचा लाभ स्पष्ट आहे. व्यापार वाढला की विमाने मागवावयाची आणि मंदावला की करार संपू द्यावयाचा. कोट्यवधी डॉलरचे विमान आणि त्याचे शेकडो कर्मचारी सांभाळण्याची जोखीम त्याच्याकडे राहत नाही. ती कंत्राटदाराकडे जाते. कंत्राटदाराला मात्र विमानाचे हप्ते थांबविता येत नाहीत. त्याला थांबविता येतो तो वैमानिकाचा पगार.

महिन्यातील सतरा दिवस

प्रवासी विमानाच्या वैमानिकाचे काम बहुधा एका ठरलेल्या तळावरून चालते. कंत्राटी मालवाहू कंपनीत तळ ही संकल्पनाच पातळ होते, कारण काम ग्राहकाच्या गावी असते आणि ग्राहक बदलला की गावही बदलते. म्हणून अनेक कंपन्या वैमानिकाला त्याच्या घराजवळच्या विमानतळावरून प्रवासी विमानाने कामाच्या ठिकाणी पाठवितात. तेथून तो सलग दोन-अडीच आठवडे बाहेर असतो. महिन्यातील सुमारे सतरा दिवस काम आणि उरलेले दिवस घरी, हा या क्षेत्रातील परिचित साचा आहे. घरी असताना संपूर्ण मोकळीक मिळते, हे या नोकरीचे खरे आकर्षण. मोठ्या शहरात राहण्याची सक्ती नसल्याने अनेक जण आपल्या गावी, कमी खर्चात संसार करू शकतात.

बाहेरचे दिवस मात्र कठीण असतात. उड्डाणपत्रक हाती असले तरी ग्राहकाचा माल उशिरा आला, एखादे विमान बिघडले किंवा नवे भाडे मिळाले की ते बदलते. अँकरेज, हाँगकाँग, दुबई, लिएज अशा मुक्कामांतून काही दिवसांतच अनेक कालपट्टे ओलांडले जातात आणि शरीराला दिवस कोणता, रात्र कोणती हे कळेनासे होते. कुरिअरचे जाळे तर मुळातच रात्री चालते. दिवसभर गोळा झालेला माल रात्री एका केंद्रावर आणावयाचा, तेथे त्याची वाटणी होईपर्यंत दोन-तीन तास थांबावयाचे आणि पहाटे पुन्हा उड्डाण करावयाचे. पहाटे दोन ते सहा या वेळेत माणसाची सावधानता सर्वांत खालच्या पातळीवर असते. नेमक्या त्याच वेळी हे वैमानिक विमान उतरवीत असतात.

मालाचीही वेगळी चिंता असते. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम तळावरून नॅशनल एअरलाइन्सचे ७४७ विमान अमेरिकी लष्कराची चिलखती वाहने घेऊन निघाले. उड्डाण होताच आतील वाहन सुटून मागे सरकले, त्याने विमानाच्या शेपटाकडील नियंत्रण यंत्रणा निकामी केली आणि विमान कोसळून सातही कर्मचारी ठार झाले. एवढ्या जड वाहनांना बांधण्याची कंपनीची पद्धत सदोष होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. वैमानिक उत्तम असूनही त्याचे आयुष्य पट्ट्यांच्या हिशेबावर अवलंबून असते, ते असे.

ज्येष्ठतेचा क्रमांक

अमेरिकेत वैमानिकाचे सारे व्यावसायिक आयुष्य एका आकड्यावर उभे असते : कंपनीतील त्याचा ज्येष्ठता क्रमांक. विमानाचा प्रकार, कॅप्टनपद, सुट्टीच्या तारखा, उड्डाणपत्रक हे सर्व त्याच क्रमाने मिळते. कपातही याच क्रमाने होते. शेवटी आलेला प्रथम घरी जातो. या सक्तीच्या बिनपगारी रजेला ‘फर्लो’ म्हणतात. कामगार करारान्वये परत बोलाविले जाण्याचा हक्क असतो, पण कंपनीच उरली नाही तर तो हक्कही कागदावरच राहतो.

या क्रमांकाची अडचण अशी, की तो दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पंचवीस वर्षे ७४७ उडविलेला कॅप्टन कंपनी बुडाल्यावर अन्यत्र गेला तर त्याला यादीत सर्वांत खाली जागा मिळते आणि नवशिक्याच्या पगारावर, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसून पुन्हा आरंभ करावा लागतो. डॉक्टर, अभियंता किंवा प्राध्यापक आपला अनुभव बरोबर घेऊन नोकरी बदलू शकतो. वैमानिकाचे कौशल्य त्याच्याबरोबर जाते, पत मात्र मागेच राहते. साहजिकच चाळिशी ओलांडलेला वैमानिक डळमळीत कंपनीतही चिकटून राहतो, तर तरुण वैमानिक पहिली संधी मिळताच फेडएक्स, यूपीएस किंवा मोठ्या प्रवासी कंपनीकडे निघून जातो. कंत्राटी कंपन्यांत अनुभवाची सतत गळती होते ती यामुळेच.

विमानाचा प्रकार ही आणखी एक बेडी. वैमानिकाला प्रत्येक जातीच्या विमानासाठी स्वतंत्र परवाना-नोंद लागते आणि कंत्राटी कंपन्यांकडे बहुधा प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली जुनी विमाने असतात. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी लुइव्हिल येथे यूपीएसच्या एमडी-११ विमानाचे डावे इंजिन उड्डाणाच्या वेळी निखळून भीषण अपघात झाला. त्यानंतर अमेरिकी नागरी उड्डाण प्रशासनाने, म्हणजे एफएएने, या जातीच्या सर्व विमानांची उड्डाणे थांबविली. यूपीएस किंवा फेडएक्सकडे अन्य जातींची शेकडो विमाने आहेत. वेस्टर्न ग्लोबलसारख्या छोट्या कंपनीच्या व्यवसायाचा मोठा आधारच त्यामुळे गेला. दुसऱ्याच्या अपघातानेही नोकरी धोक्यात येऊ शकते, याचे हे ताजे उदाहरण.

विल्मिंग्टनची कथा

नोकरीचे भवितव्य ग्राहकाच्या हाती असणे म्हणजे काय, हे ओहायो राज्यातील विल्मिंग्टन या छोट्या गावाने जेवढे अनुभवले तेवढे क्वचितच कोणी अनुभवले असेल. एअरबोर्न एक्स्प्रेस या कंपनीने १९८० मध्ये तेथील जुना हवाई दलाचा तळ विकत घेऊन आपले मुख्य केंद्र उभारले. २००३ मध्ये डीएचएलने एअरबोर्नचा जमिनीवरील व्यवसाय घेतला. अमेरिकी कायद्यानुसार विमान कंपनीची मालकी परकीयांकडे जाऊ शकत नाही, म्हणून एअरबोर्नची विमाने व वैमानिक ‘एबीएक्स एअर’ या स्वतंत्र कंपनीत गेले. वैमानिक तेच, विमाने तीच, माल तोच; फक्त कालपर्यंत जो आपला मालक होता त्या धंद्याचा नवा धनी आता ग्राहक झाला. आणि तो बहुतांशी एकमेव ग्राहक होता.

मे २००८ मध्ये डीएचएलने आपली अमेरिकेतील हवाई वाहतूक प्रतिस्पर्धी यूपीएसकडे सोपविण्याचा बेत जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तर अमेरिकेतील देशांतर्गत सेवाच बंद करण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २००९ अखेर ती थांबली. विल्मिंग्टन परिसरातील हजारो लोकांचा रोजगार गेला. अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारातही हा विषय गाजला. डीएचएलसाठी उड्डाणे करणाऱ्या अ‍ॅस्टार एअर कार्गो या दुसऱ्या कंपनीचे काम २०१२ मध्ये कायमचे थांबले. एबीएक्स टिकली, पण लहान होऊन.

पुढे २०१५ मध्ये याच विल्मिंग्टनहून अ‍ॅमेझॉनने आपल्या हवाई जाळ्याची गुप्त चाचणी सुरू केली. २०१६ मध्ये एबीएक्सच्या मूळ कंपनीशी आणि अ‍ॅटलासशी मिळून चाळीस बोइंग ७६७ विमानांचे करार झाले. ओस पडलेल्या धावपट्टीवर पुन्हा दिवे लागले आणि वैमानिकांची भरती सुरू झाली. मात्र रचना जुनीच राहिली. अ‍ॅमेझॉनने स्वतःची विमान कंपनी काढली नाही. तिने सन कंट्री, हवाईयन अशा आणखी कंपन्यांनाही वेळोवेळी काम दिले. एकापेक्षा अधिक कंत्राटदार हाताशी असले की ग्राहकाची बाजू बळकट होते आणि प्रत्येक कंत्राटदाराच्या वैमानिकाची सौदाशक्ती तेवढीच घटते.

लष्करी ग्राहकाचीही तीच तऱ्हा. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांच्या काळात अमेरिकी लष्कराची रसद वाहून नेण्यावर अनेक कंपन्या वाढल्या. सैन्य कमी होऊ लागले तशी भाड्याची उड्डाणेही आटली. ओरेगॉनमधील एव्हरग्रीन इंटरनॅशनल एअरलाइन्स २०१३ च्या अखेरीस दिवाळखोरीत बंद पडली. प्रवासी व माल या दोन्हींची लष्करी वाहतूक करणारी वर्ल्ड एअरवेज मार्च २०१४ मध्ये थांबली. २०२० मध्ये कोविडच्या साथीने प्रवासी विमाने जमिनीवर आली, त्यांच्या पोटातून जाणारा मालही अडला आणि मालवाहू कंपन्यांना अचानक सुगीचे दिवस आले. ती सुगी ओसरल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये वेस्टर्न ग्लोबलला दिवाळखोरी संरक्षणाचा आश्रय घ्यावा लागला. कर्जाची फेररचना करून ती त्यातून बाहेर पडली.

कायद्यातील फट

फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे प्रवासी विमान कोसळून पन्नास जणांचा बळी गेला. मृतांच्या नातेवाईकांनी नेटाने पाठपुरावा केल्यामुळे अमेरिकी काँग्रेसने २०१० मध्ये विमान सुरक्षा कायदा केला. त्याच्या आधारे एफएएने वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम डिसेंबर २०११ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१४ पासून ते लागू झाले. दोन वैमानिकांच्या विमानासाठी कामाची कमाल मर्यादा, पाळी किती वाजता सुरू होते यानुसार, नऊ ते चौदा तास ठरली. उड्डाणापूर्वी दहा तासांची विश्रांती आणि तीत आठ तास अखंड झोपेची संधी सक्तीची झाली. हे नियम शास्त्रीय संशोधनावर आधारलेले होते. फक्त मालवाहू विमानांचे वैमानिक त्यांतून वगळले गेले.

वगळण्याचे कारण जमाखर्चाचे होते. नियमांच्या पालनासाठी मालवाहू कंपन्यांना येणारा खर्च एका पारड्यात आणि टळणाऱ्या अपघातांचे मूल्य दुसऱ्या पारड्यात घालण्यात आले. मालवाहू विमानात माणसे दोन-तीनच असतात, त्यामुळे दुसरे पारडे हलके ठरले. जुन्या नियमांखाली दोन वैमानिकांच्या मालवाहू विमानात चोवीस तासांत सोळा तासांपर्यंत काम करवून घेता येते. तिसरा वैमानिक असेल तर ही मर्यादा अठरा तासांवर जाते. त्याच धावपट्टीवरून, त्याच आकाशातून, त्याच वस्तीवरून दोन्ही प्रकारची विमाने जातात, मग एकाच्या वैमानिकाला झोप अधिक आणि दुसऱ्याच्या वैमानिकाला कमी का लागावी, हा वैमानिक संघटनांचा सवाल होता. यूपीएसच्या वैमानिकांची संघटना न्यायालयात गेली, परंतु २०१६ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. ही तफावत दूर करणारी विधेयके काँग्रेसमध्ये वारंवार मांडली गेली. ती कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचली नाहीत.

दरम्यान १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे यूपीएसचे एअरबस विमान अलाबामातील बर्मिंगहॅम येथे धावपट्टीअलीकडे कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. अपघाताला हातभार लावणाऱ्या बाबींत चौकशी मंडळाने थकव्याचाही समावेश केला. त्याआधी १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एमके एअरलाइन्सचे ७४७ विमान उड्डाणातच कोसळून सात जण ठार झाले होते. आधीच्या उड्डाणाचे वजन चुकून नव्या गणितात वापरले गेले आणि थकलेल्या कर्मचाऱ्यांच्या ते लक्षात आले नाही. त्या क्षणी त्यांच्या कामाचे जवळजवळ एकोणीस तास झाले होते. अखेरच्या मुक्कामी पोहोचेपर्यंत ते सुमारे तीस झाले असते.

हा भेद अटळ नाही, हे इतर देशांनी दाखवून दिले आहे. युरोपीय संघात २०१६ पासून लागू झालेले कामाच्या तासांचे नियम मालवाहू विमान कंपन्यांनाही बांधतात. कॅनडाने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या नियमांतही मालवाहू वैमानिकांना वगळले नाही.

संप, सौदा आणि न्यायालय

संघटित होऊन परिस्थिती सुधारण्याचा मार्ग आहे, पण तो लांबचा. अमेरिकेत विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू होतो. १९३६ मध्ये त्याची कक्षा विमान कंपन्यांपर्यंत वाढविण्यात आली. या कायद्यानुसार वेतनकरार संपत नाहीत, ते केवळ दुरुस्तीस पात्र होतात. नवा करार होईपर्यंत जुनाच चालू राहतो. मध्यस्थ मंडळाने वाटाघाटी निष्फळ झाल्याचे जाहीर करून तीस दिवसांची मुदत संपल्याखेरीज करारासाठी संप करता येत नाही. वाटाघाटी लांबविणे व्यवस्थापनाच्या सोयीचे ठरते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर, एबीएक्सच्या सुमारे अडीचशे वैमानिकांनी संप पुकारला. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलाविले जाते आणि त्याबदल्यात कबूल केलेली सुट्टी मिळत नाही, ही त्यांची तक्रार. अ‍ॅमेझॉन आणि डीएचएल यांची वर्षातील सर्वांत गर्दीची उड्डाणे थांबली. दुसऱ्याच दिवशी संघराज्य न्यायालयाने वैमानिकांना कामावर परतण्याचा आदेश दिला. पुढील वर्षी अ‍ॅटलासच्या वैमानिकांच्या कथित ‘मंदगती’ आंदोलनालाही न्यायालयाने मनाई केली आणि २०१९ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. अ‍ॅटलासने २०१६ मध्ये सदर्न एअर ही कंपनी विकत घेतली होती. दोन्ही कंपन्यांच्या वैमानिकांसाठी एकच करार व्हावयास सप्टेंबर २०२१ उजाडला आणि तोही लवादाच्या निर्णयाने.

कमी वेतन आणि अनुभवी लोकांची गळती यांचा परिणाम भरतीवर होतो. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी अ‍ॅमेझॉनसाठी उड्डाण करणारे अ‍ॅटलासचे ७६७ विमान टेक्सासमधील ट्रिनिटी उपसागरात कोसळले आणि विमानातील तिघेही ठार झाले. सहवैमानिकाची चुकीची प्रतिक्रिया आणि कॅप्टनला वेळेवर हस्तक्षेप न जमणे ही कारणे नोंदविताना, वैमानिकांची निवड व कामगिरी-मापन यांतील उद्योगव्यापी त्रुटींवरही सुरक्षा मंडळाने बोट ठेवले. वैमानिकांच्या पूर्वेतिहासाची राष्ट्रीय नोंदवही तयार करण्याचा आदेश २०१० च्या कायद्यातच होता. तिचे अंतिम नियम यावयास २०२१ साल उजाडावे लागले.

भारतातील चित्र

भारतात हे क्षेत्र लहान आहे, तरी त्याचे दोन्ही चेहरे महाराष्ट्राच्या परिचयाचे आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या ब्लू डार्टची विमाने तिचीच उपकंपनी ब्लू डार्ट एव्हिएशन १९९६ पासून उडविते. विमान कंपनी आणि ग्राहक एकाच कुटुंबातील असल्याने काम टिकाऊ ठरले. याउलट कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या डेक्कन ३६० ने नागपूरला आपले केंद्र केले. देशाच्या मध्यभागी असलेल्या या शहरातून रात्री सर्व दिशांना माल पाठवावयाचा, ही कल्पना आकर्षक होती. मालाचे प्रमाण खर्चाला पुरले नाही आणि २०११ मध्ये विमाने थांबली. जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनने हैदराबादेत आपली भारतीय हवाई सेवा सुरू केली, तीही क्विकजेट या कंत्राटी कंपनीमार्फतच.

भारतीय वैमानिकाच्या बाबतीत नोकरी सोडण्यावरही बंधन आहे. नियमित हवाई वाहतूक कंपन्यांतील कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी, असा दंडक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये घातला. वैमानिकाने अचानक जाऊ नये याची काळजी नियमाने घेतली. कंपनीच अचानक बंद पडली तर त्याने काय करावे, याचे उत्तर त्यात नाही.

स्थैर्य कशावरून ओळखावे?

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या तरुणाने पगाराच्या आकड्याआधी काही गोष्टी तपासून पाहणे हिताचे ठरते. कंपनीचे ग्राहक किती आणि सर्वांत मोठ्या ग्राहकावर तिचे किती उत्पन्न अवलंबून आहे. करार केव्हा संपतात आणि ते मुदतीपूर्वी मोडण्याची मुभा कोणाला आहे. विमाने एकाच जुन्या जातीची आहेत की अनेक. ती कंपनीच्या मालकीची आहेत की ग्राहकाच्या. महिन्याला किमान किती तासांच्या पगाराची हमी आहे. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी किती वर्षांचे बंधपत्र लिहून घेतले जाते. आणि ‘मी थकलो आहे, उड्डाण करू शकत नाही’ असे म्हणणाऱ्या वैमानिकाला कंपनी कशी वागविते. शेवटचा प्रश्न तेथे आधीपासून काम करणाऱ्यांनाच विचारावा लागतो.

कारण अस्थैर्य आणि थकवा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्याला आपला करार पुढील वर्षी टिकेल याची खात्री नाही, त्याला ग्राहकाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, मग तो कंपनीचा व्यवस्थापक असो की अटलांटाच्या विमानतळावर पहाटेच्या पाळीनंतर नवी कामगिरी ऐकणारा कॅप्टन. ग्वांतानामोच्या अपघातातील कंपनी पुढे ‘किटी हॉक’ समूहात विलीन झाली, त्या नावाने २००० मध्ये बंद पडली आणि तिच्या अवशेषांतून त्याच वर्षी मूळ संस्थापकाने कलिटा एअर ही नवी कंपनी उभी केली. मालक, नाव आणि विमाने बदलली तरी कंत्राटी मालवाहतूक चालूच राहते. तिची विमाने आजही मध्यरात्री उडतात आणि ज्या नियमांना सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये अपुरे म्हटले होते, त्यांतील तासांच्या मर्यादेखालीच अमेरिकेतील त्यांचे वैमानिक काम करीत आहेत.